डॉल्फिनची बॉर्डर

साडी नेसलेल्या बाईकडे आमच्या धंद्यातला माणूस टक लावून पाहत असला, तर त्याची नजर वाईट आहे असं समजू नये. तो बाईकडे पाहतच नसतो. निऱ्यांवरचे बुट्टे पाहत असतो, रंगाला रंग नीट भिडलाय की सरकलाय ते तपासत असतो, आणि बुट्टा ओळखीचा निघाला तर त्याच्या तोंडून निघून जातं, "मना शे." आमच्या अहिराणीत 'मना' म्हणजे माझा. सुरतेतल्या आमच्या वस्तीत, लिंबायतच्या बाजारात भाजी घेताना आमचे सुपडू आप्पा अनोळखी बायकांकडे बोट करून "हाई मना शे, तो मना शे" असं मोठ्याने म्हणायचे आणि त्यापायी बोलणी खायचे. एकदा एका बाईने चप्पल काढली, तेव्हा मला मध्ये पडावं लागलं.

"बाई, तुझ्या पदरावरचा मोर यांनी काढलाय," मी सांगितलं.

तिने पदर पसरून मोर पाहिला, मग आप्पांकडे पाहिलं आणि विचारलं, "मग त्याला एकच पाय का?"

"दुसरा निरीत शे," आप्पा म्हणाले.

मी सुरतला, भेस्तानकडच्या एका छपाई कारखान्यात ट्रेसिंग खात्याची प्रमुख होते. प्रमुख हा शब्द ऐकायला मोठा वाटतो. खातं म्हणजे काचेची चार टेबलं, काचेखाली ट्यूबलाइट, आणि त्यावर मान घालून बसलेली आम्ही माणसं, सगळी खानदेशातली. मी स्वतः त्याच टेबलावर शिकले, सुपडू आप्पांच्या शेजारी बसून. पुढे मी त्यांची वरिष्ठ झाले तेव्हा ते मला "सुमन" ऐवजी "ताई" म्हणायला लागले. वयाने ते माझ्यापेक्षा बरेच मोठे. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "खुर्चीले म्हनस, तुले नई."

छापील साडी कशी तयार होते हे नेसणारीला माहीत नसतं, आणि माहीत असण्याची गरजही नाही. पण इथे सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. डिझाइनर कागदावर रंगीत चित्र काढतो. कापडावर ते चित्र एका दमात उतरत नाही, एकेक रंग वेगळा छापावा लागतो. लाल फूल आणि हिरवं पान असेल तर लालाचा एक स्क्रीन, हिरव्याचा दुसरा. स्क्रीन म्हणजे चौकटीवर ताणलेली बारीक जाळी. रंग जिथून खाली पडायला हवा तिथे ती उघडी, बाकी सगळीकडे बुजवलेली. जाळी कुठे उघडी राहणार हे ट्रेसरच्या हातात. डिझाइनवर पारदर्शक फिल्म ठेवून तो काळ्या शाईने प्रत्येक रंगाचं वेगळं चित्र काढतो. सगळ्या फिल्म एकावर एक ठेवल्या की मूळ चित्र पुन्हा दिसायला हवं, मध्ये केसाएवढी फट नको. थोडक्यात, कांद्याचे पापुद्रे काढावेत तसं आम्ही चित्र सोलायचो.

ट्रेसरचा एक न लिहिलेला अधिकारही असतो. कागद आखूड, कापड लांब. तोच तुकडा पुन्हा पुन्हा छापत जायचं, त्याला रिपीट म्हणतात. रिपीटच्या जोडावर कुठे खिंडार पडतं, कुठे बॉर्डरची वेल तुटते. ती वेल सांधायची आणि खिंडार भरायचं काम ट्रेसरचं. त्याबद्दल तो कोणाला विचारत नाही आणि त्यालाही कोणी विचारत नाही. सुरतेच्या बाजाराला रिकामी जागा खपत नाही. जरा मोकळं डिझाइन गेलं की आमचे कनुशेठ कापड हातात धरून म्हणायचे, "भूख्युं लागे छे." कापड उपाशी दिसतंय. आणि बॉर्डर तुटलेली साडी तर आमच्या बायका ओटीतसुद्धा घालत नाहीत.

बारडोलीहून एक ऊसवाले बागायतदार आले होते. मुलीच्या लग्नात घरच्या सगळ्या बायकांना एकसारखी साडी, आणि बॉर्डरला ऊस हवा. ऊस काढला तर तो बांबूसारखा दिसायला लागला, आणि लग्नाच्या साडीला बांबू कोण लावील? आप्पांनी उसाला वर तुरा काढला. बागायतदार भडकले. "तुरा आला म्हणजे साखर उतरली. व्याह्यांपुढे माझी लाज काढता?" शेवटी आप्पांनी पेरापेरावर पोपट बसवले. पोपट काय बांबूवर बसत नाही? पण मधली जागा भरली, बॉर्डर दाट झाली आणि माणूस खूश होऊन गेला. भरलं की पटतं, हा आमचा तोवरचा अनुभव. तो खोटा ठरला डॉल्फिनच्या कामात.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. कनुशेठ मुंबईला जाऊन एक कॉम्प्युटर पाहून आले होते. त्यात चित्र घातलं की तो आपणहून रंग वेगळे करतो. परत आल्यापासून ते आमच्या खात्यात येऊन नुसते भिंती मोजत. इथे एसी, तिथे मशीन, टेबलं भंगारात. माणूस वाईट नव्हता. दिवाळीला टेबलाची पूजा स्वतः करायचा. पण ज्या टेबलाची पूजा करायची तेच विकायचं, यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं.

मी त्यांना सरळ विचारलं, "आणि माणसं?"

"सुमनबेन, मने दोष नहीं देवानो," ते म्हणाले. "डरबनवाळां बेन येतायत. त्यांचं काम हाताने पास करून दाखवा. झालं तर टेबलं राहतील."

म्हणजे चार माणसांची पोटं एका गिऱ्हाइकाच्या पसंतीवर टांगली होती. मी आप्पांना तसंच सांगितलं. त्यांनी शाईची बाटली हलवली आणि विचारलं, "काढानं काय शे?"

"मासे," मी म्हटलं. मला तेव्हा एवढंच माहीत होतं.

झुबेदाबेन मूळच्या रांदेरच्या, तापीपलीकडच्या. लग्न होऊन दक्षिण आफ्रिकेत डरबनला गेल्या आणि पडद्यांच्या कापडाचं दुकान चालवायच्या. त्यांची सुरती बोली इतकी जुनी होती की खुद्द रांदेरात आता तशी कोणी बोलत नसेल. पायात सपाट बूट, नाकावर जाड चष्मा, आणि टॉवेलात गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक. तिथल्या समुद्री प्राण्यांच्या एका संग्रहालयाच्या दुकानासाठी त्यांना भिंतीवर टांगायचं सुती कापड छापून हवं होतं. कापडावर जगाचा नकाशा, जमीन कोरी, आणि समुद्रात डॉल्फिन. प्रत्येक जात जिथे राहते तिथेच; तसं चित्र त्यांनी डरबनहून काढून आणलं होतं.

"डॉल्फिन तर एकच ना?" कनुशेठ म्हणाले.

"कनुभाई, साडी तर एकच ना?" झुबेदाबेन म्हणाल्या.

त्यांनी पुस्तक टेबलावर उघडलं आणि आमचं काम काही वेळ थांबलंच. मासे नव्हेत हे आधी कळलं. हवेत श्वास घेणारे, पिल्लाला दूध पाजणारे प्राणी. आणि जाती तीसेक. काही साऱ्या उष्ण समुद्रांत हिंडणारे, हवेत उडी मारून भोवऱ्यासारखे फिरणारे. काही फक्त अटलांटिकचे, पॅसिफिक त्यांना ठाऊक नाही. उत्तर पॅसिफिकमध्ये एक काळा, सडपातळ, पाठीवर पंखच नसलेला. आप्पा म्हणाले, "याचं शिवानं राही गयं." एक राखाडी, अंगभर पांढरे ओरखडे, आपापसात चावे घेऊन ते ओरखडे पडतात, असं पुस्तकात लिहिलं होतं. "हाऊ लिंबायतना शे," आप्पांचा निकाल. आपल्या बंगालच्या उपसागरापासून पूर्वेकडे उथळ पाण्यात राहणारा एक गोल डोक्याचा, चोच नसलेला. तो पाहून टेबलावरचे सगळे कनुशेठांकडे बघायला लागले, तेव्हा मी पान उलटलं. न्यूझीलंडच्या किनाऱ्याला एक अगदी लहानसा, पाठीवरचा पंख गोल, बदामाच्या पानासारखा. तो जगात दुसरीकडे कुठेच नाही. एक फक्त आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्याला, थंड पाण्याची पट्टी सोडून न जाणारा. नद्यांतले वेगळेच, आपल्या गंगेतला, अ‍ॅमेझॉनमधला गुलाबी. ते झुबेदाबेननी पुढच्या कापडासाठी राखून ठेवले होते.

मला सगळ्यांत आश्चर्य वाटलं ते या शिस्तीचं. समुद्राला कुंपण नाही, दार नाही. तरी ज्याने त्याने आपलं पाणी धरलेलं. कोणी थंड, कोणी कोमट, कोणी खोल, कोणी गढूळ. चार टेबलांमध्ये कोण कुठे बसणार यावरून आमच्याकडे महिनाभर अबोला चालायचा, त्यामुळे मला त्याचं कौतुक जास्तच वाटलं.

मग झुबेदाबेननी डरबनच्या किनाऱ्यावर बोट ठेवलं. तिथे पाठीवर उंचवटा असलेला एक डॉल्फिन होता. ते बोट आफ्रिकेच्या कडेने वर सरकलं, अरबस्तान, मकरान, सौराष्ट्र करत आमच्या आखाताच्या तोंडाशी येऊन थांबलं. "आ किनारो छोडतो नथी," त्या म्हणाल्या. "माझ्या दुकानासमोर हाच, आणि तुमच्या गुजरातच्या किनाऱ्यालाही हाच."

"आपणे त्यां?" कनुशेठांचा विश्वास बसेना. "मी लहानपणापासून डुमसच्या किनाऱ्यावर जातोय. मला कधी दिसला नाही."

"तमे भजियां सामे जोता हशो." तुम्ही भज्यांकडे पाहत असाल.

काम सुरू झालं. पहिली अडचण राखाडी रंगाची. आमच्या रंगमास्तरला राणी, पोपटी, मोरपंखी, आंबा डोळे मिटून जमायचे. राखाडीची साडी सुरतेत विकली जात नाही, त्यामुळे राखाडी त्याने कधी मनावरच घेतला नव्हता. आणि इथे तर बहुतेक सगळे राखाडी; कोणी पाटीसारखा, कोणी राखेसारखा, कोणी पावसाळी ढगासारखा. मास्तर पहिल्यांदा वैतागला, मग त्याला नाद लागला. वाटीत काडी बुडवून दुपारच्या उन्हात धरायचा आणि म्हणायचा, "ताई, हा कोणता?" मी पुस्तकात पाहून नाव सांगायची. माझं इंग्रजी बारावीपर्यंतचं, पण डॉल्फिन कुठे राहतो एवढं वाचायला पुरलं.

आप्पांनी तो ओरखड्यांचा डॉल्फिन कोरड्या ब्रशने काढला. ब्रश शाईत बुडवायचा, कागदावर जवळपास पुसून टाकायचा, आणि उरलेल्या शाईत एकच फटकारा मारायचा. फटकारा चुकला तर फिल्म फुकट. त्यांचा चुकला नाही. आजवर मी पुष्कळ ट्रेसर पाहिले. पण शाई संपत आलेल्या ब्रशवर इतका भरवसा ठेवणारा दुसरा पाहिला नाही.

नमुना छापून झाला, टेबलावरून उचलून वाळवला आणि भिंतीला टांगला. कनुशेठ लांबून, जवळून पाहून म्हणाले, "बॉर्डर जामे छे." खरंच जमली होती. नकाशाच्या तळाला, दक्षिणेच्या निळ्या पाण्यात, काळ्या-पांढऱ्या डॉल्फिनची एक रांग उजवीकडे पळत होती, वेलीसारखी. आम्ही सगळे तिच्यासमोर समाधानाने उभे राहिलो. कोणाच्याही मनात काही आलं नाही. आमचे डोळे साडीचेच.

झुबेदाबेन आल्या. त्यांनी वरून पाहायला सुरुवात केली. उत्तर अटलांटिक ठीक. जपानकडचा भाग ठीक. ओरखड्यांपाशी थांबून त्यांनी "वाह" म्हटलं. मग नजर खाली आली आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आ कोणे मूक्या अहीं?" हे इथे कोणी घातले?

त्यांनी पुस्तक काढलं आणि आम्हाला दाखवलं. या काळ्या-पांढऱ्या जातीचं नाव कॉमर्सन. ती राहते दक्षिण अमेरिकेच्या अगदी शेपटाशी, आणि मग दुसरीकडे, पार हिंदी महासागराच्या तळाला, कर्गेलेन नावाच्या ओसाड बेटांभोवती. एवढ्याच दोन ठिकाणी. मूळ चित्रात दोन्ही जागी एकेक डॉल्फिन होता. मधले आमचे.

"आणि मध्ये?" मी विचारलं.

"मध्ये पाणी."

"नुसतं?"

"नुसतं."

आप्पा उठून उभे राहिले. लपवाछपवी त्यांच्या स्वभावातच नव्हती. "ताई, दोन टोकले एकच बुट्टा, अन मझार खाली. माले वाटनं, काढनारा भुली गया. मी सांधी दिना."

मी ते गुजरातीत सांगितलं: दोन्ही टोकांना एकच बुट्टा आणि मझार, म्हणजे मध्ये, रिकामं, म्हणून यांनी सांधून दिलं. झुबेदाबेनना हसू आलं नाही. "त्या संग्रहालयात शास्त्रज्ञ बसतात," त्या म्हणाल्या. "जिथे आयुष्यात कोणाला हा प्राणी दिसला नाही तिथे मी त्याची वरात काढली, असं म्हणतील. हे कापड मी नेऊ शकत नाही."

"पन मंग ह्या तिकडे गयात कसा?" आप्पांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "धुळ्याहून सुरतले येता येता मझार नवापूर लागस. तठे बी आपला चार मानसं उतरी जातस. यासले काहीच लागत नई?"

"कधी काळी काही गेले असतील, तिथेच राहिले असतील," झुबेदाबेन म्हणाल्या. "वाटेत कोणी उतरलं नाही."

कनुशेठ माझ्याकडे वळले. "जोयुं, सुमनबेन? कॉम्प्युटर असं काही मनाने काढणार नाही." ते मला रागाने नाही, जवळजवळ दिलाशाने म्हणाले, आणि त्यामुळेच जास्त लागलं. टेबलं गेली, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. आप्पा खाली बसले आणि ब्रश धुवायला लागले. धुतलेलाच ब्रश होता.

मला रडायला किंवा हात जोडायला येत नाही. मला एवढंच कळत होतं की बॉर्डरचा भाग सोडला तर कापड उत्तम आहे, आणि बॉर्डर काढली तर तळ उघडा पडेल आणि कनुशेठ त्याला उपाशी म्हणतील. दोघांनाही चालेल असं काहीतरी हवं होतं. मी झुबेदाबेनना विचारलं, "सगळ्या दक्षिणेच्या समुद्रात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खरोखरच सगळीकडे फिरणारा असा एकही नाही का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढली, पुस्तक मांडीवर घेतलं आणि पानं उलटायला लागल्या. आम्ही उभेच. पंख्याच्या वाऱ्याने पानं उडत होती म्हणून मी पंखा बंद केला. सुरतेच्या त्या उकाड्यात सगळे घामाने निथळले, पण कोणी हललं नाही.

"आ," त्या म्हणाल्या.

काळा डॉल्फिन, कुशीला दोन पांढरे पट्टे, मध्ये बारीक होत जाऊन जोडलेले, दोन पेले बुडाला बूड लावून आडवे ठेवावेत तसे. अंटार्क्टिकाभोवतीच्या थंड पाण्यात तो पूर्ण गोल राहतो, कुठे खंड नाही. किनाऱ्यापासून लांब, वादळी समुद्रात, म्हणून फारसा कोणाला दिसत नाही.

"मग तुम्ही यादीत का घेतला नव्हता?"

"दुकानात ओळखीचं तोंड विकतं, बेन. याला कोण ओळखतं?" त्यांनी पान आप्पांसमोर धरलं. "पण शास्त्रज्ञ ओळखतील. खूश होतील."

अटी त्यांनी लगेच सांगितल्या. कॉमर्सन दोनच, आपापल्या जागी. मधलं पाणी मोकळं. आणि त्याखाली, बर्फाच्या कडेशी, या नव्या डॉल्फिनची रांग. त्यांचं विमान मुंबईहून होतं आणि त्याआधी त्या सुधारलेलं कापड डोळ्यांनी पाहणार होत्या.

बाहेरच्याला वाटेल, काळ्याचा एक स्क्रीन बदलला की झालं. तसं नसतं. पांढरा रंग आम्ही छापतच नव्हतो, तो म्हणजे कापडाचा मूळ रंग. समुद्राच्या निळ्याच्या फिल्मवर प्रत्येक डॉल्फिनच्या आकाराचं भोक सोडलेलं होतं. म्हणजे निळ्याची जुनी भोकं बुजवायची, नवी पाडायची, आणि काळं त्यात अचूक बसवायचं. दोन्ही फिल्म आप्पांनी स्वतः घेतल्या, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

पहिल्यांदा त्यांनी ब्लेडने आपले डॉल्फिन खरवडले. एकेक, शेपटीपासून डोक्याकडे. मग मोकळी झालेली फिल्म समोर धरून बसले. त्यांचा हात राहीना.

"ताई, एक लाट?"

"नाही."

"बारीक?"

"नाही, आप्पा."

"फेस?"

"काही नाही. पाणी."

भरलेली जागा काढायला त्यांना जेवढं जड गेलं नसेल, तेवढं ती रिकामी सोडायला गेलं. अख्खं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांनी सोडलेली खिंडारं बुजवली होती. पण सोडली. आणि मग खालची रांग काढली. तसलं काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पुस्तकात एकच चित्र होतं, एका कुशीवर स्थिर. आप्पांनी त्यातून सबंध रांग काढली, कोणी पाण्यात घुसतोय, कोणी वर येतोय, कोणाचा पंख दुसऱ्याच्या शेपटीआड. कुशीचे पट्टे प्रत्येकाच्या वळणाबरोबर वळलेले. समुद्र त्यांनी डुमसला पाहिला तेवढाच.

झुबेदाबेन परत आल्या तेव्हा नमुना टेबलावर पसरलेला होता. या वेळी त्यांनी खालून सुरुवात केली. रांगेवर बोट ठेवून डावीकडून उजवीकडे गेल्या. उजव्या कडेला शेवटचा डॉल्फिन अर्धाच होता.

"आ अडधो केम?" त्यांचा आवाज चढला. "कापला?"

आप्पा अहिराणीतच म्हणाले, "ताई, त्यासले जोड दाखव."

मला आधी कळलं नाही, मग कळलं. मी कापडाची उजवी कड उचलली, डावी कड उचलली आणि दोन्ही जुळवून धरल्या. कापडाची नळी झाली. उजवीकडचा अर्धा डॉल्फिन डावीकडच्या अर्ध्यात जाऊन बसला, पट्ट्याला पट्टा, पंखाला पंख. रांगेला आता टोकच नव्हतं. आप्पांनी सवयीने तिला रिपीट दिला होता. साडीची बॉर्डर संपत नाही, म्हणून ही संपली नव्हती.

झुबेदाबेननी नळीभोवती एक फेरी मारली, बोट रांगेवर ठेवून. पुन्हा सुरुवातीला आल्या.

"पृथ्वी गोळ छे," त्या म्हणाल्या. "एवढे नकाशे पाहिले. कोणी मला हे कापडावर दाखवलं नाही." मग आप्पांकडे वळून त्यांनी विचारलं, "काका, तमे स्कूलमां भूगोळ भण्या?"

"चौथीपर्यंत," आप्पा म्हणाले. "त्यात मी नापास."

कनुशेठ हसले. मग त्यांनी दोन कॉमर्सन डॉल्फिनमधल्या मोकळ्या निळ्याकडे पाहिलं. मी वाट पाहत होते, आता 'भूख्युं' म्हणतील. ते म्हणाले, "आ जग्या सारी लागे छे." ही जागा छान दिसते. आणि भिंतींची मापं घेणं त्या दिवसापासून बंद झालं.

कॉम्प्युटर काही वर्षांनी आलाच, कनुशेठांनी तो दुसऱ्या खोलीत बसवला. टेबलं राहिली आणि टेबलांवरची माणसं आपापल्या वयाने, आपापल्या वेळी उठली, कोणाला उठवावं लागलं नाही. नंतर मीही त्या कॉम्प्युटरवर काम केलं. मशीन चांगलं आहे, त्याला नावं ठेवणार नाही. रिपीट ते चुटकीसरशी जोडतं. पण कोरड्या ब्रशचा तो फटकारा त्याला शिकवायला आमच्याकडे कोणी उरलं नाही, आणि त्या फिल्म रद्दीत गेल्या त्या दिवशी मी सुट्टीवर होते. त्याची हळहळ वाटते. मी असते तर निदान ओरखड्यांची तेवढी ठेवून घेतली असती.

पहिला, चुकलेला नमुना मात्र फुकट गेला नाही. झुबेदाबेन गेल्यावर आप्पांनी तो शेठकडे मागितला आणि लिंबायतच्या घरी आतल्या दाराला पडदा म्हणून लावला. मध्यंतरी मी त्यांना भेटायला गेले. पडदा धुऊन धुऊन विटला होता, पण आप्पांची बॉर्डर तशीच काळीभोर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत होती. मी चहाचा कप ठेवला आणि म्हटलं, "आप्पा, घरात नातवंडं आहेत. चुकीचा भूगोल शिकतील. काढून टाका तो."

आप्पा उठले, पडद्यापाशी गेले आणि वाकून त्यांनी आधी एका टोकाच्या डॉल्फिनवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या टोकाच्या.

"मी त्यासले खरं सांगेल शे," ते म्हणाले. "ह्या दोन टोकना, देवना. मझारला समदा मना."